आर्ट जर्नलचा ऑनलाइन वर्ग घ्यायचाय? आधी ते पान साध्या वहीत करून बघा

आर्ट जर्नल म्हणजे रंग, चिकटवलेले कागद आणि लिखाण एकत्र येतात ती वही. समोरासमोरच्या वर्गात कुणाच्या कागदाला सुरकुती पडली की आपण उठून जातो, बोटाने दाबून देतो, जास्तीचं पाणी टिश्यूने टिपून घेतो. ऑनलाइन वर्गात आपला हात तिथवर पोचत नाही. चिपळूणला कुणाच्या तरी वहीचं पान फाटतं आणि आपल्याला ते कळेपर्यंत बाकीचे दोन पायऱ्या पुढे गेलेले असतात. म्हणून समोरच्याच्या टेबलावर काय काय बिघडेल ते आधी आपल्या टेबलावर बिघडवून बघायचं. या वर्गाची निम्मी तयारी हीच आहे.

पुढचं सगळं ९० मिनिटांचा, ८ ते १२ जणांचा पहिला वर्ग धरून लिहिलं आहे. पान एकच: ए-५ वहीची समोरासमोरची दोन पानं, विषय ‘पावसाची खिडकी’. विषय तुम्ही बदलालच, पण हिशोब हाच राहील.

पान ठरवा आणि तीन कागदांवर करा

नवीन शिक्षकांची नेहमीची चूक म्हणजे एकाच वर्गात सगळं शिकवायची घाई. जेसो (रंगाआधी कागदाला द्यायचा पांढरा लेप), स्टेन्सिल, कोलाज, सुलेखन, फोटोची छाप, सगळं दीड तासात. यातल्या प्रत्येक थराला वाळायला वेळ लागतो आणि तो वेळ तुमच्या हातात नसतो. पहिल्या वर्गाला तीन थर पुरे: जेसोचा पांढरा थर, त्यावर रंग, त्यावर चिकटकाम. मग लिखाण.

हे पान तीन वेगवेगळ्या कागदांवर करून बघा: साधी रेघांची वही, शाळेत मिळते ती चित्रकलेची वही, आणि २०० जीएसएमच्या वरचा मिक्स्ड मीडिया किंवा जलरंगाचा कागद. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन; आकडा मोठा तितका कागद साधारण जाड. ७०-८० जीएसएमच्या साध्या वहीत जेसो लावला की पान लगेच लाटांसारखं उठतं, आणि दुसऱ्यांदा ओला ब्रश फिरवला की कागदाचे बारीक गोळे सुटू लागतात. त्यावर उपाय आहे. दोन-तीन पानं ग्लू स्टिकने एकमेकांना चिकटवायची, रात्रभर जड पुस्तकाखाली ठेवायची आणि वर्गात तेच जाड झालेलं पान वापरायचं. फेविकॉलने हे करू नका. त्यातल्या पाण्यानेच पातळ कागद सुरकुततो. १३०-१६० जीएसएमचा कार्ट्रिज कागद बेताचं पाणी सोसतो, फक्त चारी कडा क्लिपने पक्क्या लावलेल्या हव्यात. ३०० जीएसएमला काहीच होत नाही, पण तो महाग आहे. पहिल्याच वर्गाला त्याचा आग्रह धरला तर निम्मे लोक यादी वाचूनच मागे फिरतात.

तीनही पानं जपून ठेवा. वर्गात कुणी ‘माझं पान असं का झालं?’ विचारलं की तीच दाखवता येतात.

सामानाची यादी: दुकानात काय मागायचं ते लिहा

यादी वर्गाच्या किमान आठ दिवस आधी पाठवा आणि सोबत सगळं सामान मांडून काढलेला एक फोटो द्या. प्रत्येक वस्तूपुढे ‘हे नसेल तर काय’ लिहा. नुसतं ‘मिक्स्ड मीडिया साहित्य’ असं लिहिलं तर तालुक्याच्या गावातल्या स्टेशनरीच्या दुकानात काहीच मिळत नाही. मजकूर साधारण असा असावा:

– वही: ए-५, शक्यतो १६० जीएसएम किंवा जास्त. नसेल तर चित्रकलेची वही. दोन पानं ग्लू स्टिकने जोडून आणा.
– पांढरा जेसो, ५० मिली पुरे. नसेल तर पांढरा अॅक्रिलिक रंग.
– अॅक्रिलिक रंग: निळा, हिरवा, पांढरा. पोस्टर रंग नकोत.
– अर्धा किंवा पाऊण इंची चपटा ब्रश, आणि एक जुनं एटीएम कार्ड.
– ग्लू स्टिक, शिवाय थोडासा फेविकॉल.
– घरातले जुने कागद: कॅलेंडरची पानं, लग्नपत्रिका, पुड्याचा कागद, जुनं पुस्तक.
– काळं बॉलपेन आणि पांढरं जेल पेन.
– दोन भांडी पाणी, जुनं सुती फडकं, चार क्लिपा, बटर पेपर.

पोस्टर रंगांचं कारण यादीतच सांगा, कारण महाराष्ट्रात हे रंग घरोघरी असतात. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षांच्या बाटल्या कपाटात पडून असतात आणि त्या वापरायचा मोह होतो. पोस्टर रंग वाळल्यावरही पाण्याने पुन्हा विरघळतो. वरून दुसरा ओला थर दिला की खालचा उचलला जातो आणि सगळं मातकट होतं. अॅक्रिलिक एकदा वाळला की पाण्याने सुटत नाही, म्हणून थरांच्या कामाला तोच. कुणाकडे फक्त पोस्टर रंग असतील तर त्यांनी ते शेवटच्या थराला वापरावेत.

रंग तीनच का? निळा, हिरवा आणि पांढरा कसेही मिसळले तरी चिखल होत नाही. यादीत केशरी घातलात तर निळ्याशी मिसळून तपकिरी गाळ होणार हे नक्की, आणि नवशिक्याला वाटतं की आपल्यालाच जमत नाही. रंगांची निवड हे शिक्षकाचं काम आहे. ते विद्यार्थ्यावर टाकू नका.

चिकटवायच्या कागदांबद्दल दोन गोष्टी ठळक लिहा. एसटीच्या मशीनमधून निघणारं तिकीट, एटीएमची पावती, मॉलचं बिल हे बहुतेक थर्मल, म्हणजे उष्णतेने छापले जाणारे, कागद असतात. त्यांवरची अक्षरं काही महिन्यांत उडतात आणि पान वाळवायला हेअर ड्रायर फिरवला तर अख्खं तिकीट काळं पडतं. तिकीट हवंच असेल तर त्याची झेरॉक्स चिकटवा. झेरॉक्स आणि लेझर प्रिंट यांचा टोनर पाण्याने पसरत नाही. घरच्या इंकजेट प्रिंटरवरचं चित्र मात्र बहुतेक वेळा ओल्या फेविकॉलखाली निळं-जांभळं वाहू लागतं. वर्तमानपत्र चालेल, पण ते पिवळं पडणार हे सांगून टाका. काहींना तेच आवडतं.

तुम्ही स्वतः छापायला चित्रं देणार असाल तर इंटरनेटवरून उचललेली देऊ नका. भारतात कलाकृतीवरचा हक्क कलावंताच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. राजा रविवर्मा १९०६ साली गेले, त्यामुळे त्यांची चित्रं निर्धास्त वापरता येतात. ज्या छापखान्यातून ती घराघरांत गेली तो १८९४ साली मुंबईत सुरू झाला होता, तेव्हा मराठी घरातल्या वहीत ती अगदी शोभतात. किंवा स्वतःचे फोटो द्या.

टेबल आणि कॅमेरा

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. विद्यार्थ्याला तुमचा चेहरा दहा मिनिटं दिसला तरी पुरतो, टेबल मात्र ऐंशी मिनिटं दिसावं लागतं.

वरून दाखवायला फोनचाच कॅमेरा उत्तम. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यापेक्षा तो कितीतरी चांगला असतो. टेबलाला क्लॅम्प होणारा, आडवा हात असलेला स्टँड घ्या. हंसाच्या मानेसारखा वाकणारा स्टँड फोनच्या वजनाने हळूहळू खाली येतो आणि तुम्ही ब्रश जोरात फिरवलात की थरथरतो. ए-५ वही उघडली की ए-४ एवढी जागा घेते, साधारण ३० बाय २१ सेंटीमीटर. वहीभोवती रंगाची थाळी आणि हात दिसायला ४५ बाय २५ सेंटीमीटरची चौकट धरा. बहुतेक फोनना त्यासाठी टेबलापासून ४० सेंटीमीटरच्या आसपास उंची लागते. चौकट जमली की तिच्या चार कोपऱ्यांवर टेबलाला मास्किंग टेपचे तुकडे लावा. त्या टेपच्या बाहेर जे केलं ते कुणालाच दिसलेलं नाही असं समजा. वाइड लेन्स वापरू नका, कडा वाकड्या दिसतात.

फोन अगदी खाली तोंड करून टांगला की त्याला आडवं-उभं कळत नाही आणि चित्र मध्येच फिरतं. आधी फोन हातात आडवा धरून मीटिंग सुरू करा, चित्र आडवं झालं की रोटेशन लॉक करा आणि मग स्टँडवर चढवा. तुमचा हात चौकटीच्या खालच्या कडेने आत यायला हवा. वरून येत असेल तर फोन उलटा लागला आहे.

सनमायकाचं टेबल दिव्याचा झगझगीत डाग दाखवतं. पांढऱ्या चादरीवर पांढरी वही दिसतच नाही. शिवाय चौकटीत पांढरं जास्त झालं की कॅमेरा आपोआप उजेड कमी करतो आणि तुमचा स्वच्छ जेसो राखाडी दिसतो. टेबलावर खाकी कागद पसरा. तो चमकत नाही आणि वही त्यावर उठून दिसते. मग फोनच्या कॅमेऱ्यात फोकस आणि उजेड लॉक करा, नाहीतर हात चौकटीत आला-गेला की दर वेळी चित्र धूसर होऊन पुन्हा सावरतं. मीटिंगच्या अॅपमध्ये लॉक करायची सोय नसेल तर थाळी, वही, हात सगळं एकाच उंचीवर ठेवा आणि एखादी वस्तू दाखवायला कॅमेऱ्याजवळ नेऊ नका. ती वहीवरच ठेवून दाखवा.

दिवे दोन हवेत, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, दोन्ही साधारण ४५ अंशांत. एकच दिवा असेल तर तुमच्याच हाताची सावली नेमकी ब्रशच्या टोकावर पडते. वरून थेट दिवा नको, ओल्या रंगात तो आरशासारखा दिसतो. दोन्ही बल्ब एकाच जातीचे घ्या, ५००० ते ६५०० केल्विनच्या पांढऱ्या उजेडाचे. एक पिवळा आणि एक पांढरा असेल तर वहीच्या दोन बाजूंना निळा रंग वेगवेगळा दिसतो, आणि विद्यार्थी विचारतात की कुठला निळा घ्यायचा. चित्रात काळे पट्टे सरकताना दिसले तर दिवा आणि कॅमेरा यांची लय जुळत नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ती निवडा. तरीही पट्टे गेले नाहीत तर बल्ब बदला. स्वस्त एलईडीत हा दोष फार असतो.

फोन दुसरा सहभागी म्हणून मीटिंगमध्ये जोडताना त्याचा आवाज जोडूच नका. नुसतं म्यूट केलं आणि स्पीकर चालू राहिला तर घुमतं. फोन फ्लाइट मोडवर टाकून फक्त वायफाय चालू ठेवा. ऐन कोलाजमध्ये कुणाचा फोन आला तर कॅमेरा बंद पडतो. कव्हर काढून ठेवा आणि चार्जिंग आधीच पूर्ण करा. दिव्याखाली, चार्जरला लावलेला, दीड तास व्हिडिओ पाठवणारा फोन तापून बंद पडू शकतो. आवाजासाठी कॉलरला लावायचा साधा माइक पुरेसा आहे, आणि पंखा बंद हवा. पंख्याने आवाज तर खराब होतोच, कोलाजचे कपटेही उडतात.

दीड तास कसा वाटायचा

घड्याळ लावून पान करा आणि प्रत्येक थर किती वेळात वाळला ते लिहून ठेवा. मे महिन्यात नागपूरला दहा मिनिटांत वाळणारा थर जुलैत रत्नागिरीला अर्ध्या तासातही बोटाला लागतो. तुमचे विद्यार्थी दोन्हीकडे असणार. म्हणून वाळण्याच्या प्रत्येक वेळेत दुसरं कोरडं काम ठेवा आणि हेअर ड्रायर असेल तर जवळ ठेवायला सांगा. तो वहीपासून वीतभर लांब धरायचा. फार जवळ धरला तर वरची साय वाळते आणि आत ओलं राहतं.

पहिली आठ मिनिटं ओळख आणि सामान. प्रत्येकाने वही कॅमेऱ्यासमोर धरायची. कुणाचा कागद फाटणार आहे ते तेव्हाच कळतं. मग जेसो. नखाएवढे दोन थेंब प्रत्येक पानावर घ्यायचे आणि एटीएम कार्डाने खरवडल्यासारखे पसरायचे. ब्रशपेक्षा कार्ड बरं, कारण ब्रशने नवशिके हमखास जाड थर देतात. खालचा कागद पुसटसा दिसत राहिला तर थर बरोबर आहे. हे सात मिनिटांत होतं.

जेसो वाळतोय तोवर पंधरा मिनिटं कागद फाडायचे. कात्री न घेता हाताने फाडायला लावा. पट्टी दाबून फाडलं की सरळ पण मऊ कड येते, आणि छापील कागद आपल्याकडे ओढत फाडला तर कडेला पांढरी रेघ उमटते. ही रेघ वहीवर ठेवून संथपणे दोनदा दाखवा. खिडकीची चौकट अशा चार पट्ट्यांची होणार आहे.

नंतर रंग, वीस मिनिटं, त्यात वाळणं आलं. एक भाग रंगाला अर्धा भाग पाणी. वरून खाली एकाच दिशेने ओढायचं, आणि ओलं असतानाच बोटाने पाण्याचे थेंब टाकून चार-पाच सेकंदांत फडक्याने टिपायचं. टिपल्यावर तिथे काचेवरच्या थेंबासारखा फिकट डाग राहतो. उशीर झाला तर डाग निघत नाही, घाई झाली तर नुसता रंग पसरतो. हा क्षण पकडायला सगळ्यांना कपट्यावर सराव करू द्या, मगच वहीवर.

चिकटकामाला वीस मिनिटं. पातळ कागदाला ग्लू स्टिक, पत्रिकेसारख्या जाड कागदाला फेविकॉल. फेविकॉल ब्रशने पातळ लावून कागद मधून कडेकडे दाबत न्यायचा, म्हणजे हवा बाहेर जाते. उरलेली वीस मिनिटं लिखाण आणि एकमेकांची पानं बघणं यांना.

लिहिताना महागडं फाइनलायनर वापरू देऊ नका. जेसो-अॅक्रिलिकच्या खरखरीत थरावर त्याचं टोक घासलं जातं, आणि थर दमट असेल तर रंग आत शिरून पेन कायमचं बंद पडतं. बॉलपेन चालतं. रेघ मात्र जाड हवी. बरेच जण वर्ग फोनवर बघतात, त्यांना ०.१ ची रेघ दिसत नाही.

याशिवाय स्वतःजवळ पानाच्या चार अवस्था तयार ठेवा: फक्त जेसो लावलेलं, रंग वाळलेलं, चिकटवलेलं आणि पूर्ण झालेलं. टीव्हीवर पदार्थ दाखवताना शिजलेली भाजी शेजारी तयार असते, तसंच. तुमचं पान वाळलं नाही म्हणून बारा जणांना थांबवता येत नाही.

लिहायला काय सांगायचं

पहिल्याच वर्गात ‘तुमच्या मनातलं सगळ्यात मोठं दुःख लिहा’ असलं काही विचारू नका. अनोळखी लोकांसमोर, कॅमेऱ्यासमोर कुणी ते लिहीत नाही, आणि लिहिलं तर सावरायला तुम्ही जवळ नसता. डोळ्या-कानाला जाणवेल असं विचारा: आज सकाळपासून ऐकलेले पाच आवाज, लहानपणच्या घराच्या खिडकीतून काय दिसायचं, पावसात आधी काय भिजतं. यातून लोक हवं तेवढं खोल स्वतःच जातात.

पान दाखवायची सक्ती कधीच नको. लिहिलेलं झाकायची युक्ती आधीच शिकवा: लिखाणावर पातळ जेसो फिरवायचा, किंवा लग्नपत्रिकेचा खिसा करून चिठ्ठी आत सरकवायची. कुणी भावुक झालं तर त्यांना कॅमेरा बंद करून काम चालू ठेवायची मुभा द्या आणि वर्गानंतर खासगीत विचारपूस करा. हा समुपदेशनाचा वर्ग नव्हे, हे माहितीपत्रकातच लिहा. सरकारी टेलि-मानस मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक जवळ ठेवा.

पानाबद्दल बोलताना नुसतं ‘छान’ म्हणू नका. जे दिसतंय ते सांगा: ‘उजव्या कोपऱ्यात मोकळी जागा सोडलीत, तिथे नजर थांबते.’ परीक्षेच्या सवयीने लोक मार्कांची वाट बघत असतात. अशा वाक्याने ते पुन्हा आपल्या पानाकडे बघू लागतात.

वेळ, मंच आणि रंगीत तालीम

झूमची मोफत मीटिंग ४० मिनिटांनी बंद होते, आणि गूगल मीटवर तीन किंवा अधिक जण असतील तर तासाभराने. दीड तासाच्या वर्गाला एक महिन्याची वर्गणी भरणंच बरं. मध्येच बाहेर पडून परत जोडताना वर्गाची लय मोडते.

परदेशातले मराठी लोक येणार असतील तर शनिवारी संध्याकाळी सात ही वेळ बऱ्याच जणांना जमते. तेव्हा दुबईत साडेपाच, लंडनला उन्हाळ्यात अडीच आणि हिवाळ्यात दीड, न्यू जर्सीत सकाळचे साडेनऊ किंवा साडेआठ वाजलेले असतात. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये अमेरिकेचं घड्याळ सरकतं, त्या आठवड्यात आठवणीने नवी वेळ कळवा.

दोन दिवस आधी एखाद्या मैत्रिणीला फोनवरून जोडून पूर्ण नव्वद मिनिटांची तालीम करा. तिने यादीतलं स्वस्तातलं सामान घेऊन पान करायचं आणि अडेल तिथे थांबवायचं. तुम्ही ‘इथे’, ‘असं’, ‘एवढं’ कितीदा म्हणालात ते तिला मोजायला सांगा. ‘एवढं पाणी’च्या जागी ‘एक चमचा पाणी’ म्हणायची सवय तालमीतच लागते. वर्गाला सहाय्यक हवाच. चॅटमधले प्रश्न बघणं, उशिरा आलेल्यांना आत घेणं आणि कुणाचा माइक उघडा राहिला तर बंद करणं, हे ओल्या हातांनी होत नाही. राउटरला छोटा यूपीएस लावा आणि मोबाइल डेटा तयार ठेवा.

रेकॉर्डिंग करणार असाल तर नोंदणीच्या वेळीच विचारा आणि टेबलाचा कॅमेरा स्पॉटलाइट करून (सगळ्यांना तोच मोठा दिसेल असा ठेवून) फक्त तोच रेकॉर्ड करा, म्हणजे विद्यार्थ्यांचे चेहरे आणि वह्या त्यात येत नाहीत. फी ठरवताना वर्गाचा दीड तासच धरू नका. पानांचे प्रयोग, यादी, तालीम आणि नंतरचे मेसेज मिळून पहिल्या वर्गाला सहज आठ-दहा तास जातात.

वर्ग संपताना एक सूचना दोनदा द्या: वही आज मिटू नका. अॅक्रिलिक वर वर वाळलेला वाटला तरी दोन रंगवलेली पानं समोरासमोर दाबली गेली की चिकटतात आणि उघडताना रंगाची पापडी सुटते. रात्रभर वही उघडी ठेवायची, सकाळी पानांमध्ये बटर पेपर घालायचा आणि मगच जड पुस्तकाखाली एक दिवस दाबून ठेवायची. दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंगच्या लिंकसोबत ही सूचना पुन्हा पाठवा.